फाउंडेशन आणि पुंगळी

मोटारीचे इंजिन गाडीच्या सांगाड्याशी ज्या रबरी ठोकळ्यांवर धरलेले असते, त्यांना आमच्याकडचे मेस्त्री 'फाउंडेशन' म्हणतात. कंपनीच्या पुस्तकात 'माउंटिंग' असा शब्द असतो आणि सुट्या भागांच्या दुकानदाराला दोन्ही शब्द कळतात. परंतु खामगावच्या किंवा मलकापूरच्या गॅरेजात 'माउंटिंग गेली' असे म्हणणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. 'फाउंडेशन बसलं', 'फाउंडेशन फाटलं' असेच कानावर येते. इमारतीच्या पायाचा शब्द धावत्या गाडीतल्या मूठभर रबराला कसा चिकटला असावा? माझा तर्क असा : या भागाने इंजिन पहिल्यांदा पाहिले ते जिनिंगमध्ये, पिठाच्या गिरणीत आणि विहिरीच्या काठावर. ही इंजिने दगडी किंवा काँक्रिटच्या चौथऱ्यावर बोल्टांनी जखडलेली असत आणि त्या चौथऱ्याला फाउंडेशन म्हणत. पुढे इंजिन उठून चाकांवर बसले तेव्हा शब्दही त्याच्यामागून उठून आला. तर्क चुकीचा ठरला तरी शब्द चांगला आहे, एवढे तरी मान्य व्हावे.

दुसरा शब्द 'पुंगळी'. सायलेन्सर हा शब्द सर्वांना ठाऊक आहे, पण बुलेटचा सायलेन्सर बदलला की तो पुंगळी होतो. 'पुंगळी टाकली' या दोन शब्दांत वस्तू येते, तिच्याविषयीचे मत येते आणि टाकणाऱ्याचे वयही येते. तिसरा शब्द 'हेडर'. आम्हा मास्तरांना हेडर म्हणजे पानाच्या माथ्यावर छापलेला मजकूर. गॅरेजात तो इंजिनाच्या तोंडाशी बसणारा चार नळ्यांचा जुडगा असतो. कंपनीने दिलेला ओतीव मॅनिफोल्ड काढून हा जुडगा बसवायचा आणि त्याच वेळी रबरी फाउंडेशने काढून कडक फाउंडेशने घालायची, असे एक काम मी गेल्या हिवाळ्याच्या सुट्टीत तीन दिवस स्टुलावर बसून पाहिले. त्या कामाविषयी आणि त्यातून मनात जे हलले त्याविषयी हे लिहीत आहे.

गॅरेज माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे आहे. बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलेला हा मुलगा दुसऱ्या वर्षानंतर महाविद्यालयात आला नाही. त्याचे नाव देत नाही, त्याला ते आवडणार नाही. गाडी होती होंडा सिटी, पहिल्या पिढीतली, व्हीटेक इंजिनाची. 1493 सीसी, 106 अश्वशक्ती. 2003 नंतर ही पिढी बाजारातून गेली, पण तरुणांच्या मनातून गेली नाही. मालक सरकी-ढेपेच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. पंधरा वर्षे उलटून गेलेली ही गाडी त्याने फेरनोंदणी करून घेतली होती आणि तिच्या 'एमएच 28' या पाटीचा त्याला फार अभिमान होता. गाडीचा उल्लेख तो 'आपली स्पोर्ट्स कार' असा करी.

स्पोर्ट्स कार म्हणावे असे तिच्यात काय होते, हा प्रश्न मी माझ्यापुरता ठेवला. चार दारे, मागे ऐसपैस डिकी. खरी दोन आसनी, टप उघडणारी गाडी आपल्या परिसरात झालीच नाही असे नाही. 1998 साली आलेली 'सॅन स्टॉर्म' गोव्यात तयार होत असे. अंग फायबरग्लासचे, इंजिन रेनोचे, 1149 सीसीचे. पण ती फारच थोड्यांनी घेतली, आणि बुलढाणा जिल्ह्यात तरी मी ती कधी पाहिली नाही. आमच्याकडे स्पोर्ट्स कार विकत मिळत नाही. घरगुती गाडी घेऊन ती गॅरेजात घडवावी लागते. या अर्थाने ती कारागिरीची वस्तू आहे. आणि असल्या गाडीला साजेसा रस्ता जिल्ह्यात आता आला आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि मेहकर, सिंदखेडराजा या तालुक्यांच्या कुशीतून मोटारी ताशी 120 किलोमीटरच्या मर्यादेने, आणि रात्री मर्यादेवाचून, धावू लागल्या. त्याच रस्त्यावर 1 जुलै 2023 रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून पंचवीस माणसे गेली, हेही जिल्ह्यातल्या कोणाला विसरता येत नाही. मालकाला गाडी समृद्धीवर न्यायची होती, एवढेच येथे नोंदवतो.

पहिला दिवस जुना मॅनिफोल्ड काढण्यात गेला. बॅटरीची तार सोडवली, उष्णता अडवणारा पत्रा काढला, धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर बावीसच्या पान्याने सोडवला. आणि मग नटांची पाळी आली. वीस वर्षे तापून निवून गंजलेले नट. विद्यार्थी प्रथम ते किंचित आवळत असे आणि मगच सोडवू लागे. उलट का, असे विचारल्यावर म्हणाला, "आधी जरा आवयलं की गंज तुटते, सर. सुट म्हनलं की तो अडून बसते." इतके करूनही एक स्टड मोडलाच. त्याच्या तुटक्या बुंध्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग केले, ती जागा लाल असतानाच पाना लावला आणि तो बुंधा फिरून बाहेर आला. यात अर्धा दिवस गेला. अर्ध्या दिवसाचे पैसे त्याने लावले नाहीत. का लावले नाहीत हे मालकाने विचारले नाही.

हेडर कोइमतूरहून मागवला होता. स्टेनलेस स्टीलच्या चार नळ्या, दोन-दोन जुळून दोन होणाऱ्या आणि पुढे त्या दोहोंची एक होणारी. त्याचे मर्म विद्यार्थ्याने फरशीवर खडूने आकृती काढून सांगितले, आणि मला कबूल केले पाहिजे की माझ्या वर्गात फळ्यावर निघणाऱ्या आकृत्यांपेक्षा ती स्वच्छ होती. एग्झॉस्टची झडप उघडली की सिलिंडरमधला दाबाखालचा धूर ठोशासारखा नळीत शिरतो. धूर आपल्या चालीने सरकतो, पण त्याच्यापुढे दाबाची एक लाट धावते. त्या तप्त वायूत तिचा वेग सेकंदाला पाचशे-सहाशे मीटर असतो. नळीचे तोंड जिथे मोकळे होते तिथे ही लाट पोचते आणि उलटून परत फिरते. मात्र परत येताना ती दाब आणत नाही, विरळपण आणते. हे विरळपण नेमके झडप मिटण्याच्या बेतात असताना तिच्याशी पोचले, तर सिलिंडरात उरलेला धूर ओढून बाहेर काढते आणि ताज्या हवेला आत यायला वाव करून देते. कधी पोचणार, हे नळीच्या लांबीवर ठरते. म्हणजे हेडर हे एक लावलेले वाद्य आहे. अमुक फेऱ्यांना ते सुरात असते, तमुक फेऱ्यांना नसते. आमच्या जिल्ह्याला मराठी कवितेत ज्या एका आवाजाने ओळख दिली तो म्हणजे मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांच्या 'शीळ' या संग्रहाचा. शीळ असो, बासरी असो की हेडर, पोकळीतल्या हवेचे आंदोलन हेच तिघांचे भांडवल.

कंपनीच्या ओतीव मॅनिफोल्डमध्ये वाटा आखूड असतात आणि एका सिलिंडरचा धूर दुसऱ्याच्या तोंडावर जातो. पेटण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन. म्हणून हेडरमध्ये एकची जोडी चारशी लावतात आणि दोनची तीनशी. एकाचा ठोसा येतो तेव्हा जोडीदार निवांत असतो. चारही नळ्यांची लांबी सारखी हवी. परंतु सिलिंडर तर एका ओळीत, कोणी जुळणीच्या जागेजवळ, कोणी दूर. मग जो जवळ आहे त्याच्या नळीला अधिक वळसे द्यावे लागतात. त्या वळणांकडे पाहताना मला बा. सी. मर्ढेकर आठवले. 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये त्यांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी जी तीन तत्त्वे मांडली, ती शिकवताना दरवर्षी मी उदाहरणांच्या शोधात असतो, आणि विद्यार्थी दरवर्षी जांभया देतात. समतोल म्हणजे सारखेपणा नव्हे, जवळच्याला वळसा देऊन साधलेली बरोबरी, हे या स्टीलच्या नळ्या हातात देऊन सांगता आले असते. महाविद्यालयाच्या भांडारात हेडरची मागणी नोंदवण्याचा रकाना नाही, ही गोष्ट वेगळी.

हेडरने किती ताकद वाढेल? "पाच-सहा घोडे भेटले तरी लय झालं," विद्यार्थी म्हणाला. पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर कायम ठेवून एवढेच.

दुसऱ्या दिवशी फाउंडेशने. हेडर आणि फाउंडेशन ही दोन कामे एकदम का करायची, हे मला आधी कळले नव्हते. कारण साधे आहे. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन चाकांना ज्या दिशेने पिळते त्याच्या उलट दिशेने स्वतः पिळले जाते. रबर म्हातारे झाले असेल तर ते बोनेटखाली चांगलेच डोलते. ओतीव मॅनिफोल्ड जाड असतो, तो हे सोसतो. हेडरच्या नळ्या पातळ. एक टोक इंजिनाला आवळलेले, दुसरे गाडीच्या पोटाखालून मागे गेलेले. इंजिन डोलत राहिले तर जुळणीच्या जागी वेल्डिंग तडकते. मध्ये लवचीक जाळीचा तुकडा घालतात, पण तोही किती सोसणार? म्हणून मोकळी नळी बसवायची तर पाया कडक करावा लागतो.

तेलाच्या टाकीखाली लाकडी फळी, तिच्याखाली जॅक; इंजिन तोलून धरायचे आणि एकेक फाउंडेशन काढायचे, सारी एकदम नाही. जुनी निघाली तेव्हा पाहिली. दोन लोखंडी तुकड्यांमध्ये चिकटवलेले रबर, त्यात भेगा, एक तर जवळजवळ दुभंगलेले. नवी फाउंडेशने पॉलियुरेथेनची होती. पोरे त्याला 'पीयू' म्हणतात. तांबूस रंगाचे, मधासारखे पारदर्शक दिसणारे, पण नखाने दाबले तर नख वाकावे असे.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली. पहिली काही मिनिटे नव्या नळ्यांना लागलेले हातांचे तेल जळून धूर आणि उग्र वास आला. मग आम्ही तिघे शेगाव रस्त्याला निघालो. वेग घेताना गाडी खरोखर निराळी होती. दाबले की लगेच, मध्ये काही डोलणे नाही, विचार करणे नाही. मालक आनंदाने गप्प झाला होता. रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा मात्र मला ते जाणवले. जागच्या जागी चालणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला सव्वीस-सत्तावीस ठोके पडतात; ते आता आसनातून, सुकाणूतून, दाराच्या कडीतून येत होते. कानांच्या आधी दाढांना कळत होते. आरशातली मागची एस.टी. दुहेरी दिसत होती. डॅशबोर्डवरची गजानन महाराजांची छोटी मूर्ती टिकटिक करीत एका बाजूला सरकत चालली होती. मालकाने ती उचलून दप्तरात ठेवली.

"एवढे हादरे नेहमीच राहणार?" मी विचारले.

"सर, हादरा तर पयलेही होता," विद्यार्थी म्हणाला. "रबर खाये, म्हनून आपल्याले मालूम नव्हतं. आता तो सीटवर आला. हादरा काही नाहीसा नाई करता येत. कोनाले द्याचा, तेवढं आपल्या हाती हाय."

आमचे भौतिकशास्त्राचे सहकारी यात दुरुस्ती सुचवतील. रबर हादऱ्याचा काही भाग खरोखरच गिळते आणि त्याची ऊब करून टाकते. पण उरलेल्या आयुष्यासाठी मला विद्यार्थ्याचेच वाक्य पुरेसे वाटते, आणि त्याला कारण माझे वडील आहेत.

वडील खामगावातल्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. खामगावची सारी थोरवी कापसाची. या बाजारासाठी जलंब ते खामगाव अशी खास रेल्वे 1870 साली टाकली गेली आणि तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते, हे येथले शाळकरी पोरही सांगेल. वडील कामाला लागले तो काळ 1972 साली सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदीचा. हंगामात यंत्रे दिवसरात्र चालत. एका लांब दांड्यावरून पट्ट्यांनी फिरणारी रोलर जिनांची रांग. कातडी रोलर, त्याला घासून वरखाली हलणारी सुरी, सरकी एका बाजूला, रुई दुसऱ्या बाजूला. सुरीचा तो खडखड आवाज पन्नास यंत्रांनी गुणला म्हणजे काय होते, ते मी लहानपणी डबा घेऊन गेल्यावर अनुभवले आहे. दाराशी उभा राहिलो की छातीच्या फासळ्या वाजत. यंत्रांची फाउंडेशने मजबूत होती. वडील त्याविषयी अभिमानाने बोलत. यंत्र तसूभर हलत नसे.

वडील पन्नाशीच्या आत ऐकू येईनासे झाले. 'बहिरे' हा शब्द घरात कोणी उच्चारला नाही. आम्ही सारेच मोठ्याने बोलत असू आणि शेजाऱ्यांना ते भांडण वाटे. गंमत अशी की मोठ्याने बोलूनही उपयोग होत नसे, कारण त्यांना आवाज ऐकू येत असे, शब्द येत नसत. बाजारात भाजीवाली 'साठ' म्हणे आणि त्यांना 'आठ' ऐकू येई. मग ते आठ रुपये काढून देत आणि ती हसे. पुढे एम.ए.ला भाषाविज्ञान शिकताना मला याचा उलगडा झाला. स्वर हे खालच्या पट्टीतले आणि जोरकस. स, श, फ, थ यांसारखी अघोष व्यंजने वरच्या पट्टीतली आणि दुबळी. गोंगाटाने होणारी बधिरता प्रथम 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते. म्हणजे स्वर उरतात आणि व्यंजने जातात. माणसाला बोलणे चालू आहे हे कळते, काय बोलणे चालू आहे ते कळत नाही. अनुप्रासावर मी तासभर बोलू शकतो. त्या तासातले निम्मे वडिलांपर्यंत पोचलेच नसते.

कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, सूचना देणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, गोंगाटामुळे येणारी बधिरता होती. आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबल ही मर्यादाही नियमांत होती. वडिलांच्या बधिरतेची सूचना कोणी कोणाला दिल्याचे मला आठवत नाही. 2011 साली ते गेले तेव्हा त्यांच्या कागदपत्रांत बोनसच्या पावत्या होत्या, युनियनची एक वर्गणीपावती होती, कानाविषयी एक ओळ नव्हती. तो सारा खडखडाट कोणीतरी घेतला होता. यंत्राने घेतला नव्हता, दगडी चौथऱ्याने घेतला नव्हता.

गाडीकडे परत येतो. तिसऱ्या दिवशी दुपारी मालकाने शेवटचे काम सांगितले : मागचा सायलेन्सर कापून सरळ नळी टाकायची. विद्यार्थी नाही म्हणाला. मालक आधी हसला, मग त्याने पैसे वाढवले. विद्यार्थ्याने कायदा सांगितला. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 खाली उत्पादकाच्या मूळ तपशिलात असा फेरफार चालत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. गोंगाटाचे मानक मोडले तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड आहे आणि परवानाही तीन महिने जाऊ शकतो. या न्यायाने आधीची दोन कामे तरी पूर्ण सोवळी होती का, असे कोणी विचारील. विचारावे. गॅरेजची नीती कलमांच्या रेषेवरून जात नाही. हादरा गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या पाठीला बसतो की दुसऱ्याच्या, अशी काहीशी तिची रेषा असते. शंभर पावलांवर प्रसूतिगृह आहे. रुग्णालयाभोवतीच्या शंभर मीटरांत दिवसा पन्नास आणि रात्री चाळीस डेसिबल, असे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. आमच्या गावात ते फलकावरच राहतात.

मालकाचे उत्तर मला आजही छळते. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा, मानसाले स्वतःचा आवाज पायजे का नाई?"

हे वाक्य आमच्या धंद्यातले आहे. अमुक कवीला स्वतःचा आवाज सापडला, असे मी उत्तरपत्रिकांत वाचतो, प्रस्तावनांत लिहितो. साठोत्तरी साहित्यावर बोलताना तर या शब्दाखेरीज आमचे पान हलत नाही. आणि त्या मुलाला मी उडवून लावू शकलो नाही, कारण त्याची हकीकत मला ठाऊक होती. एकोणिसाव्या वर्षापासून तो वडिलांच्या नजरेखाली वखारीतल्या गादीवर बसतो. भाव वडील बोलतात, तो लिहून घेतो. त्याच्या दिवसात त्याने ठरवलेली एकच वस्तू होती आणि ती या गाडीची नळी. तरीही माझे मत विद्यार्थ्याच्या बाजूने पडले. ज्यांच्या आवाजाने मराठी साहित्य हादरले त्यांनी पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांचे हादरे अंगावर घेतलेले होते. मध्यरात्री नांदुरा रोडवरून सरळ नळीची गाडी नेणारा आपला हादरा झोपलेल्यांना वाटत जातो. दोहोंना एकच शब्द वापरताना आम्ही समीक्षकांनी थोडे थांबावे, इतके मला वाटले. मालकाला मात्र मी एवढेच म्हणालो की तुमच्या वखारीत तुम्ही एकदा भाव बोलून पाहा. तो रागावला. दुसऱ्या दिवशी गाडी शेजारच्या जिल्ह्यात नेऊन त्याने सायलेन्सर कापून आणला.

विद्यार्थ्याने नकार दिला त्याचे आणखी एक कारण होते. ते पंधरा दिवसांनी कळले. अकोल्याच्या एका कानतज्ज्ञाचा इंग्रजी अहवाल घेऊन तो माझ्याकडे आला. आलेख होता. 250 पासून 2000 पर्यंत रेघ जवळजवळ सरळ, 4000 ला घसरलेली, 8000 ला पुन्हा थोडी वर आलेली. डाव्या कानाची घसरण अधिक. चौदा वर्षे ग्राइंडर, हातोडा, आणि उघड्या एग्झॉस्टवर डावीकडून वाकून इंजिन ऐकणे. तीन माणसांच्या गॅरेजला कारखाने अधिनियम लागू होत नव्हता. त्याच्या अनुसूचीत याची नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता.

"हे खाली गेलं ते काय, सर?"

मी सांगितले.

"म्हंजे कोन्ते शब्द जाईन?"

शब्द जाणार नाहीत, काही अक्षरे जातील, असे म्हणून मी ती सांगितली : स, श, फ, थ. तो थोडा वेळ हिशेब करीत होता. मग हसून म्हणाला, "'सर' मधलं एक जाईन. 'र' राहीन."

आता तो कानांवर जाड टोपणे लावून काम करतो. हाताखालच्या दोन पोरांनाही घेऊन दिली आहेत. ती मात्र गळ्यात माळेसारखी अडकवून फिरतात आणि तो ओरडला की वर चढवतात. बुलेटची पुंगळी बदलणे त्याने बंद केले. त्यामुळे महिन्याचे किती बुडतात हे तो सांगत नाही, पण पूर्वी बाहेर उभ्या राहणाऱ्या बुलेटी आता पलीकडच्या गल्लीत उभ्या असतात, ते दिसते.

हेडरचे नट काही दिवस तापून निवले की ढिले पडतात. ते पुन्हा आवळावे लागतात, मधल्यापासून कडेकडे, एक सोडून एक. त्यासाठी सिटी परत आली, दोन गल्ल्या आधीपासून ऐकू येत. विद्यार्थ्याने हाताने खूण करून किल्ली बंद करायला लावली. गरम नट आवळत नाहीत, निवायला तास तरी लागेल, असे त्याने मालकाला सांगितले. मालकाने घड्याळ पाहिले, वखारीत फोन केला, उशीर होईल म्हणाला. पोराला चहा आणायला पाठवले. बोनेट उघडे होते आणि आत नळ्या निवताना टिक, टिक वाजत होत्या. विद्यार्थ्याने टोपणे काढून गळ्यात अडकवली आणि मालक समोरच्या स्टुलावर बसून त्याला वखारीतल्या सरकीचा भाव सांगू लागला.